नातवाची फांदी



बऱ्याच दिवसांत लिहिणं झालं नाही. गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि त्यात यंदाच्या पावसाने गच्चीवरच्या गुलाबांची पार वाट लावली. असो. आज लिहायला बसलो त्याला कारण आमचे नातू. थोरल्या लेकीचा मुलगा, वय वर्षं बावीस, मुक्काम टोरांटोजवळ. दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. "नाना, कसा शेस?" असं अहिराणीत विचारतो. त्याची अहिराणी एवढ्यावरच संपते, पण ते तीन शब्द ऐकले की माझा आठवडा बरा जातो.

मागच्या महिन्यात पठ्ठ्याने नेहमीची चौकशी केली आणि म्हणाला, "नाना, तुम्ही गुलाबाच्या काड्या लावता ना, त्या जगतात कशा? माझ्या सगळ्या कुजतात." मला कोण आनंद झाला! चार पिढ्यांत बागेचं वेड मला एकट्यालाच, आणि आता नातवाला. म्हटलं, दाखव बघू. त्याने फोन फिरवला. खिडकीत प्लास्टिकचे चार पेले, प्रत्येकात एक माना टाकलेली फांदी. पान हाताच्या पंजासारखं, पाच-सात बोटांचं, कडेला करवतीचे दाते.

मी म्हटलं, "अरे, हा तर गांजा!"

"हो नाना. इथे चालतं."

लेक मागून कुठूनतरी ओरडली, "बाबा, त्याला काहीही सांगू नका हं!" आणि कॉल संपला.

नंतर मी खातरजमा केली. पोरगा खोटं बोलत नव्हता. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला. तो राहतो त्या ओंटारियो प्रांतात वयाची १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी झाडं लावता येतात. मात्र घरटी चारच, घरात माणसं कितीही असोत. म्हणजे त्याचे ते चार पेले कायद्याच्या हिशेबाने अगदी बरोबर होते!

तुम्ही म्हणाल, नाना, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला, तुम्हाला ते पान ओळखू कसं आलं? त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण तिच्याआधी थोडा इतिहास. मास्तरची खोड, जायची नाही.

आपल्याकडे हे झाड काही साहेबाने आणलेलं नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोमाबरोबर ज्या वनस्पतींची नावं घेतली आहेत, त्यांत 'भंग' आहे. वैद्यकात तिला विजया म्हणतात. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात भांगेवर सबंध प्रकरण लिहिलं. एकच झाड, पण त्याची तीन रूपं: पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि चिकाचा चरस. शिवरात्रीला आणि होळीला भांग प्यायलेली थोर मंडळी आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. काहींच्या तर घरातच. (नावं घेत नाही, नातेवाईक वाचतात.)

इंग्रजांनी यात अबकारी उत्पन्न पाहिलं. लागवडीला परवाना, विक्रीला ठेका, मालावर कर. मुंबई इलाख्यात या पिकात नगर जिल्हा पुढे होता. आणि आपल्या अगदी शेजारी, मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात, खंडवा तहसिलीत सरकारच्या देखरेखीखाली हे पीक निघत असे. खंडव्याचा गांजा नावाजलेला होता. खंडवा म्हणजे काय, भुसावळहून बऱ्हाणपूरमार्गे रेल्वेने दोन-अडीच तास. आपल्या रावेरचा शेतकरी आणि निमाडचा शेतकरी यांच्या मातीत, पावसात, बोलीतसुद्धा फार अंतर नाही.

मग १८९३ साल उजाडलं. केन नावाचे एक खासदार होते, दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी विलायतेच्या पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला. ओरड अशी होती, की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजा ओढणाऱ्यांनी भरली आहेत. सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, एकूण सात सभासद, त्यांत तीन हिंदी. या मंडळींनी देशभर हिंडून ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. मुख्य खंडच सात! त्या वेळी आपला खानदेश हा एकच जिल्हा होता. ठाणं धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी व्हायची होती, ती १९०६ साली झाली.

हा अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आता संगणकावर खुला ठेवला आहे. नातवाच्या निमित्ताने मी तो चाळायला घेतला आणि चष्मा काढून ठेवायची शुद्ध राहिली नाही. निष्कर्ष थोडक्यात असा: बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, अती घेणाऱ्याला होतो. सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि नियंत्रण पुरे. यावर वाद घालता येईल. सरकारला कराचे पैसे हवे होते हेही उघड आहे. पण मला गुंतवून ठेवलं ते वेड्यांच्या इस्पितळांच्या प्रकरणाने.

१८९२ साली देशातल्या या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचं कारण गांजा-भांग असं लिहिलेलं. आयोगाने हे आकडे नुसते उतरवून घेतले नाहीत. एकेका रुग्णाची चौकशी केली. हे 'कारण' लिहिलं कोणी? निघालं असं, की रुग्णाला आणताना पोलिसांनी कागदावर जे खरडलं तेच पुढे इस्पितळाच्या रजिस्टरात गेलं. माणूस बैरागी दिसतो, चिलीम ओढत असेल, लिहा गांजा! रकाना रिकामा ठेवायचा नाही एवढंच खरं. छाननीनंतर २२२ चे राहिले ९८, आणि त्यांतही कितीएकांना दुसरी कारणं होतीच.

कारणाचा रकाना. या शब्दापाशी मी थांबलो, मंडळी. का थांबलो ते पुढे सांगतो.

स्वातंत्र्य येताना आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यात मादक द्रव्यंही आली. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा अफूच्या पंगतीला बसला. भारताने भांगेच्या पानांना त्यातून वगळून घेतलं आणि जुनी वहिवाट मोडायला २५ वर्षांची मुदत मिळवली. ती मुदत संपत आली तेव्हा १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा झाला, तोच तो एनडीपीएस. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू. तेव्हापासून परवानगीशिवाय हे झाड लावणं हाच गुन्हा. शिक्षा पहिल्यांदा पाच वर्षांपर्यंत होती, २००१ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. शेतात असं पीक आहे हे कळूनही जमिनीचा धारक गप्प बसला तर त्यालाही जबाबदार धरतात. सरपंचापासून गावच्या सगळ्या अधिकाऱ्यांवर खबर देण्याची सक्ती आहे. होळीची भांग मात्र या केंद्रीय कायद्याच्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही, कारण व्याख्या फुलोऱ्याची आहे, नुसत्या पानाची नाही. एकाच झाडाचा एक भाग देवाला चालतो आणि दुसऱ्या भागासाठी माणूस तुरुंगात जातो!

आता माझी गोष्ट.

१९८६ ते ९२ अशी सहा वर्षं मी शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत होतो. त्या पट्ट्यात तेव्हाही चोरून गांजा लावत आणि आजही लावतात. कपाशीच्या, तुरीच्या, मक्याच्या आडोशाला, कधी वनजमिनीवर. 'शिरपूर तालुक्यात गांजाची शेती उद्ध्वस्त' ही बातमी वर्षातून दोनचार वेळा वाचली नाही असं होत नाही. माझ्या वर्गात एक पावरा मुलगा होता, नववीत. अक्षर मोत्यासारखं. सनावळ्या अशा पाठ, की मी अडलो तर त्याच्याकडे बघायचो. १९८९ च्या हिवाळ्यात तो यायचा बंद झाला. आठवडा गेला, दोन गेले. मी सायकल काढली आणि त्याच्या पाड्यावर गेलो.

शेताच्या बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग होता, अर्धवट जळलेला. तिथे मी ते पान पहिल्यांदा पाहिलं. बापाला नेलं होतं. आई काही बोलली नाही. पोरगा म्हणाला, "सर, बी त्यांनीच दिलं, पैसे पण आधीच दिले. कापसाचं काय खरं असतं?" 'त्यांनी' म्हणजे कोणी, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ज्याने बी दिलं तो त्या ढिगापाशी नव्हता, एवढं मात्र खरं. मुलगा घरात थोरला. आता बैलामागे तोच.

पुढच्या जूनमध्ये शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव कमी करायची वेळ आली. शाळा सोडल्याचा दाखला तुम्हाला माहीत आहे. त्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. मी लिहिलं, 'घरगुती अडचण'. लिहायला पाच सेकंद लागले असतील. त्याची अब्रू राखली असं मी तेव्हा मनाला सांगितलं. आज वाटतं, मी फक्त रकाना भरला. ती जी नोंद खानापूर्तीसाठी झाली, तिच्यावर विसंबून पुढे कोणी अहवाल लिहिला असेल, तर आदिवासी मुलं 'घरगुती अडचणी'मुळे शाळा सोडतात असाच लिहिला असेल. आयोगाच्या त्या २२२ नोंदींकडे मी हसून बघू शकलो नाही ते यामुळे.

असो. नातवाच्या फांद्यांकडे वळू.

इतिहासाच्या दृष्टीने मला एक गंमत वाटली. आपले जुने शेतकरी हे पीक बियांपासूनच घेत. या झाडात पपईसारखं नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या परागाचा वारा लागला की मादी बी धरते आणि गांजा म्हणून तिची किंमत उतरते. म्हणून फुलं उमलायच्या आत नर ओळखून उपटून काढणं हे खरं कसब. बंगालात नौगावला या कामासाठी खास जाणकार बोलवत, त्यांना पोद्दार म्हणत. (त्याच नौगावच्या गांजा उत्पादकांची १९१७ पासून रीतसर सहकारी सोसायटी होती. सहकारावर भाषणं देणाऱ्यांनी हे नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नाही!) नातवासारख्या चार झाडं लावणाऱ्याला पोद्दार कुठून मिळणार? त्यात दोन नर निघाले तर अर्धी बाग गेली. म्हणून तो मित्राकडून मादी झाडाची फांदी आणतो. फांदीपासून झालेलं झाड मादीच, आईची हुबेहूब नक्कल.

हे आपल्या जळगावकरांना सांगायला नको. केळीला कुठे बी असतं? पिढ्यान् पिढ्या आपण मुनवे आणि कंद लावून आईची लेक, लेकीची लेक करत आलो. बसराई, श्रीमंती अशीच वाढली. पुढे प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेली ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपं आली आणि रावेर-यावलचं रूप पालटलं. पण नकलेत आईचे गुण येतात तसे आईचे रोगही येतात. बियांतून बऱ्याच रोगांची गाळणी होते, फांदीतून होत नाही. केळीवर सीएमव्ही या विषाणूने काय हाहाकार केला, ते गेल्या काही वर्षांत आपण डोळ्यांनी पाहिलं. बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या.

तर मी नातवाला काय सांगितलं? दोन दिवस विचार केला. लेकीचं म्हणणं चूक नाही. कोवळ्या वयात हा नाद फार लागला तर डोक्यावर परिणाम होण्याचा धोका वाढतो असं आजचे डॉक्टर सांगतात, आणि चिलमीपायी धुळीला मिळालेली दोन घरं मी स्वतः बघितली आहेत. पण पोरगा सज्ञान आहे, त्याच्या देशाचा कायदा पाळतो आहे, आणि लपवून न ठेवता आजोबाला विचारतो आहे. दार मी लावून घेतलं तर पुढच्या वेळी तो विचारणारच नाही. म्हणून मी त्याला गांजाचं नाही, गुलाबाचं सांगितलं. मला येतं तेच.

म्हटलं, बाळा, पहिल्या वर्षी मी बारा काड्या लावल्या, अकरा मेल्या. मारल्या मीच, लाडाने. फांदी झाडापासून तोडली की तिचं तोंडच गेलं. पानं पाणी उडवत राहतात आणि प्यायला मूळ नाही. बिचारी तहानेने मान टाकते, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण आणखी ओततो. मग हवा मिळत नाही आणि बूड कुजतं. म्हणून खर्च आधी कमी कर. खालची पानं काढ, वरची मोजकी ठेव. काप धारदार आणि स्वच्छ पात्याने, डोळ्याच्या जरा खाली, तिरपा. मातीत रेती किंवा कोकोपीट असावं, ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी. वरून पारदर्शक पिशवीची टोपी घाल म्हणजे हवा दमट राहते, पण रोज घटकाभर ती काढ, नाहीतर बुरशी येते. उजेड हवा, ऊन नको. रोपवाटिकेत मिळणारी मुळं फुटायची पावडर चिमूटभर लावलीस तर उत्तम. तिच्यातलं द्रव्य मुळं फोडतं हा शोध १९३४-३५ च्या सुमाराचा, म्हणजे माझ्यापेक्षा फार थोरला नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रोज उपटून बघू नकोस! मूळ केसासारखं असतं, ते तुटतं. नवीन पान हललं की समज, खाली काहीतरी धरलं आहे.

शेवटी म्हटलं, "ही झाली मास्तराची शिकवणी. आता फी दे. तो १८९४ चा अहवाल आहे ना, त्यातलं वेड्यांच्या इस्पितळांचं प्रकरण वाच आणि मला सांग." तो हसला. मग मी त्याला त्या पावरा मुलाची गोष्ट सांगितली. ती त्याच्या आईलाही कधी सांगितली नव्हती. लेक मागे येऊन उभी राहिली होती, ती काही बोलली नाही.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "नाना, त्यांच्याकडे किती झाडं होती?"

मी म्हटलं, मोजली नव्हती. चारापेक्षा जास्त होती.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सगळ्यात कडक यादीतून वगळलं. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला आणि भारताचं मत वगळण्याच्या बाजूने पडलं. उत्तराखंडाने २०१८ मध्ये धाग्यासाठीच्या, नशा नसलेल्या भांगेच्या लागवडीला परवाना दिला. म्हणजे विचार कुठेतरी हलतो आहे. गांजा खुला करा असं मी म्हणत नाही. चिलमीने मोडलेली ती दोन घरं मला दिसतात. पण आगाऊ पैसे घेऊन दुसऱ्याचं बी पेरणारा आणि ते बी वाटणारा, या दोघांना एका मापाने मोजू नये एवढं मात्र ठामपणे म्हणतो. बांधावर सापडतो तो नेहमी पहिलाच.

काल नातवाचा फोटो आला. चार पेल्यांपैकी एकाच्या तळाशी पांढरं मूळ दिसतं आहे, शेवईएवढं. तीन गेल्या. खाली लिहिलंय, 'नाना, बारातली एक जगवायला तुम्हाला वर्ष लागलं, माझी चारातली एक जगली!' खरं आहे, पोरगा माझ्या पुढे गेला.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबलो. त्या मुलाचं नाव मला आठवतं, अक्षरही आठवतं. आज तो पन्नाशीचा असेल. पुढे काय झालं, बाप कधी सुटला, मी कधी विचारायला गेलो नाही. ९२ साली बदली झाली आणि मी धुळ्याला आलो, बस. शिरपूर इथून पन्नासेक किलोमीटर. गुडघे जरा बरे झाले की एसटीने जाऊन येईन म्हणतो. पाडा तिथेच असेल.

भेटला तर त्याला सांगायचं आहे, की त्या रकान्यात मी जे लिहिलं ते खरं नव्हतं.